यादीत न लिहिलेलं

नलू,

बुधवारी तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. महिला मंडळाच्या हॉलमध्ये वीज होती, पण पंखे लावायचं कोणाला सुचलं नव्हतं. एकेक जण घाम पुसत उठत होतं आणि तुझ्याबद्दल बोलत होतं. कोणी म्हणालं, नलिनीताई म्हणजे चालतंबोलतं कायद्याचं पुस्तक. कोणी म्हणालं, पंतनगरातल्या बायकांना त्यांचा केवढा आधार होता. माझं नाव पुकारलं तेव्हा मी नुसती मान हलवली. वीस वर्षांपासूनची मैत्रीण गेली, हिला बोलवत नसेल, असं सगळ्यांना वाटलं. पण मी गप्प बसले ती त्यामुळे नाही. बोलायला उठले असते तर खरं बोलावं लागलं असतं, आणि पहिल्याच रांगेत माझा भाऊ अण्णा बसला होता.

आज रविवार. दुपारचे तीन वाजून गेलेत. उद्या अकरा वाजता तुझी ज्युनियर शुभदा माझ्या भाचीचा, मंदाचा, तक्रार-अर्ज पोलिसांत देणार आहे. त्या अर्जाला माझं प्रतिज्ञापत्र जोडायचंय. मसुदा मीच टाइप करून आणते म्हणून सांगितलं आणि सकाळपासून मशीन पुढ्यात घेऊन बसलेय. कागद चढवला, समास लावला आणि बोटांनी पहिल्यांदा तुझंच नाव टाइप केलं. मग तो कागद काढून बाजूला ठेवला आणि हे हाताने लिहायला घेतलं. तुला सांगितल्याशिवाय ते दुसरं मला लिहिता येईल असं वाटत नाही.

मंदा आत्ता बोरिवलीला सासरी, त्या घरात आहे.

आपलं भांडण कधी सुरू झालं ते आठवतं का? संध्याकाळच्या कॉलेजात असताना, कँटीनमध्ये. तू तेव्हापासूनच प्रत्येक गोष्टीवर 'ह्यासाठी कायदा पाहिजे' म्हणायचीस, आणि मी म्हणायचे, कायद्याने माणूस सुधारत असता तर आपल्या कॉलनीच्या जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या दिसल्या नसत्या. पुढे तू वकील झालीस, मी टायपिंगच्या परीक्षा देऊन विक्रोळीच्या कारखान्यात चिकटले, पण भांडण तेच राहिलं. नळाला मोटार लावायची नाही असा नियम आपल्या बिल्डिंगमध्ये झाला, तेव्हाची गंमत मी तुला कितीदा ऐकवली असेल. नियम झाल्यावर मोटारींचा आवाज कमी झाला, कारण लोक मोटारीवर गोधडी टाकायला लागले. तुझ्या आईनेही टाकली होती. मी हसून हसून बेजार झाले आणि तू मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "गोधडी टाकतात ना? म्हणजे लाज वाटायला लागली. कायद्याचं पहिलं काम तेच असतं, सुमे."

"आणि वरच्या मजल्यावर पाणी?"

"त्याला वेळ लागेल."

तुझा धीर दांडगा होता. मला त्याचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

मग हुंड्याच्या कायद्यातला तो यादीचा नियम आला. लग्नात मुलीला आणि जावयाला जे काही देतात त्याची यादी करायची, कोणी दिलं ते लिहायचं, खाली नवरानवरीने सह्या करायच्या. तू पेपरचं कात्रण घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आलीस. मी बोंबील साफ करत होते, माझे हात बरबटलेले, आणि तू ओट्याला टेकून मला सगळं वाचून दाखवलंस. चष्मा नाकावरून घसरत होता तो सावरायचंही तुला भान नव्हतं.

"उद्या मुलगी परत आली तर रिकाम्या हाताने यायला नको. तिचं काय होतं ते कागदावर असेल."

"कागद सासूच्या कपाटात असेल," मी म्हटलं.

"म्हणून तर दोन प्रती करायच्या. तू टाइप कर, बाकी मी बघते."

आपण दोघींनी मिळून तो फॉर्म केला. नुसत्या रेघा मारून दिल्या तर बायकांना काय लिहायचं ते कळणार नाही, म्हणून वस्तूंची नावंच छापायची असं तू म्हणालीस. दागिने, भांडी, कपाट, पलंग, शिलाई मशीन, मिक्सर, टीव्ही. प्रत्येक नावापुढे मोकळी जागा. सगळ्यात शेवटी मी 'वाहन' घातलं. ते तू सांगितलं नव्हतंस. आमच्या ऑफिसातल्या एका फॉर्मवर वस्तूंच्या शेवटी 'वाहन' असायचं, ते हाताला सवयीचं होतं, म्हणून मी ठोकून दिलं. वाचताना तू म्हणालीस, "हे छान केलंस, पूर्ण वाटतं." स्टेन्सिल कापून दोनशे प्रती काढल्या आणि मंडळाच्या बायकांनी त्या घरोघर वाटल्या. त्या दिवशी तू आम्हा सगळ्यांना उसाचा रस पाजलास.

तीन-चार महिन्यांनी आठ नंबरच्या बिल्डिंगमधली एक बाई तुझ्याकडे आली. "ताई, आणखी एक फॉर्म द्या ना, मुलाकडच्यांनी मागितलाय." तुला केवढा आनंद झाला. मुलाकडची माणसं आपणहून कायदा पाळायला लागली म्हणून तू तिला एक सोडून तीन फॉर्म दिलेस.

काय चाललं होतं ते आपल्याला फार उशिरा कळलं. मुलाकडचे तो फॉर्म घेऊन मुलीच्या घरी बैठकीला बसायचे. चहा पिऊन झाला की हातात पेन्सिल घ्यायचे आणि एकेका नावावर बोट ठेवून विचारायचे, इथे काय लिहायचं? आमच्या कोकणातल्या माणसांत पाच भांडी, एक ट्रंक आणि मुलीच्या अंगावर असेल ते, एवढ्यावर लग्नं व्हायची. मानपानावरून रुसवेफुगवे व्हायचे, पण ते नारळावरून आणि टोपीवरून. टीव्ही आणि मिक्सर मागायचं कित्येकांच्या डोक्यातही नव्हतं, ते आपल्या फॉर्मने घातलं. मोकळी जागा कोणालाच बघवेना. ती तशीच ठेवली तर मुलीचा बाप फाटका दिसणार, आणि काट मारली तर त्याहून वाईट. मग जो तो कर्ज काढून जागा भरायला लागला.

हे मी तुला सांगायला आले तेव्हा मी हसत होते. ते आठवलं की आता लाज वाटते. मला तेव्हा वाटत होतं, भांडण मी जिंकले. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी दारात उभी. "फॉर्ममधली नावं काढून टाकू. आणि लग्न लागायच्या आधी फॉर्म कोणाला द्यायचा नाही, असा मंडळाचा नियम करू."

"आणखी एक नियम?"

"हो, आणखी एक. आमटी खारट झाली म्हणून तू जेवण सोडतेस का? दुसऱ्या दिवशी मीठ कमी घालतेस ना?"

मला ते पटलं होतं, पण मी कबूल केलं नाही. नवा फॉर्म आला. जुना मात्र लोकांनी जपून ठेवला होता, कोणी तर हाताने उतरवून घेतला होता.

तोच जुना फॉर्म मंदाच्या लग्नाच्या बैठकीला बोरिवलीवाल्यांनी खिशातून काढला.

अण्णाची परिस्थिती तुला माहीत होती. संपात गिरणी गेली ती गेलीच, मग भांडुपच्या एका गोदामावर तो देखरेखीला लागला. एकुलती एक मुलगी. मुलगा चांगल्या नोकरीत, स्वतःचा ब्लॉक, दिसायला बरा. मुलाचा काका फार गोड बोलायचा. तो फॉर्म पसरून म्हणाला, "आमची मागणी काहीच नाही हं. फॉर्ममध्ये आहे म्हणून विचारतो." आणि त्याने 'वाहन' ह्या शब्दावर बोट ठेवलं. मी समोर पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. माझ्याच मशीनवरचा शब्द. त्या मशीनचा 'ह' जरा वर उडतो, तो तसाच उडालेला दिसत होता. मी तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरली.

स्कूटर दिली गं. टीव्ही दिला. गॅसची शेगडी आणि सिलिंडर दिला. अण्णाने गावच्या घरातला हिस्सा भावकीला लिहून दिला आणि वहिनीच्या हातात काचेच्या बांगड्या आल्या. हे सगळं लग्नाच्या आठ दिवस आधी गुपचूप बोरिवलीला पोचलं. आणि मग काका म्हणाला, "यादीत भांडी, कपाट, साड्या लिहा. बाकीचं आपसातलं. उगाच तुमच्यावरच शेकायचं, देणाराही गुन्हेगार असतो. तुमच्या नलिनीताईच भाषणात सांगतात ना?"

बघ. तुझं भाषण त्याने आपल्या कोणाहीपेक्षा नीट ऐकलं होतं.

अण्णा घाबरला. "सुमा, माका आत टाकतले. पोरीच्या लग्नात बापूस तुरुंगात. तू नलूक काय्येक सांगू नको." मी यादी टाइप केली. पाच भांडी, कपाट, सात साड्या. आणि खाली एक ओळ घातली: याव्यतिरिक्त काहीही मागण्यात अथवा देण्यात आलेले नाही. ही ओळ मला काकाने सांगितली नव्हती, अण्णानेही नाही. कागद पुरा दिसावा म्हणून मी आपल्या अकलेने ठोकली. ऑफिसात प्रत्येक पत्राच्या शेवटी आम्ही असंच काहीतरी घालतो.

कार्यालयात तू ती यादी वाचलीस. अक्षता हातात होत्या तुझ्या. माझ्याकडे बघून विचारलंस, "एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच."

तुझा चेहरा असा फुलला की काय सांगू. "अण्णांनी कमाल केली. बघ सुमे, होतं की नाही?" त्यानंतर वर्ष-दीड वर्ष तू प्रत्येक सभेत मंदाच्या लग्नाचं उदाहरण देत होतीस. 'आमच्याच कॉलनीतलं एक कुटुंब' म्हणून. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकायचे आणि पदराचा दोरा काढत बसायचे.

तीन आठवड्यांपूर्वी मंदा आली ती कोपरापर्यंत पट्टी बांधून. स्टोव्ह भडकला म्हणाली. तिच्या घरात स्टोव्ह नाही. शेगडी आम्हीच दिली होती ना. वहिनीने खोबरेल लावलं, अण्णा गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि मी मंदाला विचारलं, "खरं सांग ना, कोणी केलं?" ती म्हणाली, "आत्या, विचारू नकोस ना प्लीज." सासरच्यांना आता ब्लॉक बदलायचा होता, मोठा घ्यायचा होता, आणि अण्णाने त्यात काहीतरी घालावं असं चाललं होतं. दोन दिवसांनी ती परत गेली. आम्ही तिला परत जाऊ दिलं, नलू. चांगली शिकलेली, कमावती माणसं आम्ही, आणि तिला रिक्षात बसवून आलो.

तू तेव्हा काविळीने अंथरुणावर होतीस. मंदाच्या हाताची बातमी तुला कोणी सांगितली कोण जाणे. मी भेटायला आले तर तुझे डोळे हळदीसारखे पिवळे, आवाज खोल गेलेला, आणि तू पहिला प्रश्न विचारलास, "स्टोव्ह भडकला म्हणाली ना? लग्नात काय काय दिलं होतं, सुमे?"

मी विषय भलतीकडे नेला. म्हटलं, तुझा तो नवा कायदा, लग्नापासून सात वर्षांच्या आत मुलगी संशयास्पद मेली तर सासरच्यांना धरतात तो, त्याचा मंदाला काय उपयोग? तो मंदा मेल्यावर जागा होणार. मी फार कडवटपणे बोलले. आजारी माणसाशी तसं बोलू नये एवढीही मला शुद्ध नव्हती.

तू चिडली नाहीस. "जिवंतपणी लागू होतं असं कलमही आहे. छळाचं. पण काय मागितलं, काय दिलं, हे कोणीतरी सांगायला लागतं गं. मी काय लोकांच्या भिंतीतून बघू?"

"सांगेन," मी म्हटलं.

"कधी?"

"तू बरी हो आधी."

तू माझा हात धरून ठेवलास. तुला कळलं होतं का? मी तो प्रश्न रोज स्वतःला विचारते. तू वकील होतीस, समोरचा माणूस खोटं बोलतोय हे तुला त्याच्या खाकरण्यावरून कळायचं. मग 'एवढंच' म्हटल्यावर तू त्या दिवशी का हसलीस? माझ्यावर विश्वास होता म्हणून, की त्यावर विश्वास ठेवायची तुला गरज होती म्हणून? काही असो. चौथ्या दिवशी तू गेलीस आणि माझं सांगायचं राहून गेलं.

तुझ्या दहाव्याला मंदा आली. नलूमावशीसाठी जायचंय म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही. म्हणजे जाता जाता तूच तिला तीन दिवस घराबाहेर काढलंस. त्या तीन दिवसांत तिने शुभदाला सगळं सांगितलं, हात दाखवला, अर्जावर सही केली. शुभदा अगदी तुझ्यासारखी बसते, एक पाय खाली घेऊन, आणि तुझ्यासारखीच कधीकधी चुकतेही, पण बावीस-तेवीस वर्षांची असून खोटा धीर देत नाही. ती मला म्हणाली, "मावशी, त्यांच्याकडे ती यादी आहे. सह्या आहेत. काहीच मागितलं नाही असं खाली लिहिलंय. ते कोणी टाइप केलं ते तुम्ही सांगितलंत तरच आपण पुढे जाऊ." मी अण्णाचं विचारलं. ती म्हणाली, "ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तक्रार केली तर त्याच्यावर खटला होत नाही, असं आहे कायद्यात. पण अण्णांना ते लागू होईलच असं छातीठोकपणे नाही सांगता येत." तू असतीस तर काय म्हणाली असतीस? तू असतीस तर मी विचारलं असतं का, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे.

गुरुवारी मंदाचा नवरा तिला न्यायला आला. मी आडवी आले तर मंदाच मला बाजूला घेऊन म्हणाली, "आत्या, नाही गेले तर त्यांना संशय येईल. सोमवारपर्यंत नीट राहते मी. मग काय ते होऊ दे." ती साडी बदलायला आत गेली तेव्हा तो खुर्चीवर बसून पेपर वाचत होता, अगदी आपल्यासारखा माणूस. त्याच्या पायात पॉलिश केलेले बूट होते आणि त्याने वहिनीच्या चहाचं कौतुक केलं.

त्या संध्याकाळी मी अण्णाला सांगितलं की मी प्रतिज्ञापत्र देणार आहे. तो ताटावरून उठला. "तू ह्या लिवलंस तर माझो उंबरो चढू नको." वहिनीने ताट झाकून ठेवलं. तेव्हापासून मी तिकडे गेले नाही.

त्यांच्या बिल्डिंगखाली औषधांचं दुकान आहे, तिथल्या फोनवर निरोप देता येतो. शुक्रवारी मी फोन केला तर मंदा खाली आली. "बरी आहे आत्या, जेवले, बरी आहे," असं दोनदा म्हणाली. शेजारी कोणी उभं असल्यासारखा आवाज. काल केला तर औषधवाला म्हणाला, वर दार वाजवलं, कोणी उघडत नाही. आज सकाळी दहाला केला तर सासू खाली आली. "मंदा ना? आंघोळीला गेलीय." मी म्हटलं, तासाभराने करते. अकराला पुन्हा सासूच. "बाजारात गेलीय हो ती." मी मनाची समजूत घातली की आंघोळ करून बाजारात गेली असेल, जातात माणसं. आणि तेव्हापासून ह्या मशीनपुढे बसून आहे. शुभदाने बजावलंय की अर्ज द्यायच्या आधी बोरिवलीला पाऊल टाकायचं नाही. त्यांना सुगावा लागला तर तेच आधी उलटी तक्रार ठोकतील. आधी कागद, मग शिपायाला बरोबर घेऊन माणूस. ही तुझीच शिकवण. तुझ्या हाताखालची पोरगी दुसरं काय सांगणार?

आणि मला वाटतं, आपल्या सगळ्या भांडणाचा हाच तर मुद्दा होता. तुझं कागदावर प्रेम होतं, कारण कागद घाबरत नाही. माझी अडचण अशी की कागद लिहिणारं माणूस घाबरतं. ते माणूस मी होते.

मघाशी लिहिता लिहिता थांबले होते. दार वाजलं. अण्णा आला होता.

तीन दिवसांनी बघत होते त्याला. दाढी वाढलेली, सदरा गुरुवारचाच. बस म्हटलं तरी उभाच राहिला. मग म्हणाला, "फोन केलंस?"

"केला. अकराला. बाजारात गेलीय म्हणाली."

"मी पण केलंय. नाक्यावरसून. अकराकच." तो भिंतीला टेकला. "माका सांगल्यान, झोपलीहा. बरा नाय तिका."

एकच वेळ, एकच बाई, आणि दोन उत्तरं. मला एकदम पाणी प्यावंसं वाटलं आणि मी त्यालाच पाणी दिलं.

त्याने विचारलं, "लिवलंस?" मी दाखवलं. काहीच लिहिलं नव्हतं. मग मी मशीन पुढे ओढलं आणि त्याच्यासमोर टाइप करायला बसले. मी, सुमन, सदर यादी स्वतः टाइप केली असून त्यातील शेवटचे वाक्य खोटे आहे हे मला तेव्हा माहीत होते. तेवढं लिहिल्यावर पुढचं भराभर आलं. स्कूटर, टीव्ही, गॅस. बैठक कधी झाली, बोट कोणी कुठे ठेवलं. अण्णा मागे उभा राहून ओठ हलवत वाचत होता. 'वधूपक्षाकडून देण्यात आले' इथे आल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वधूपक्ष म्हणजे कोण?"

"तुम्ही सगळे. तसंच लिहितात अण्णा."

"देणारो मी. माझा नाव लिव. पुरा लिव, बापाशीच्या नावासकट."

मी लिहिलं. त्याने पेन मागितलं आणि त्या ओळीखाली सही केली. प्रतिज्ञापत्र माझं, त्याच्या सहीचं तिथे काही काम नाही, आणि माझी सही तर उद्या नोटरीसमोर व्हायचीय. शुभदा कपाळाला हात लावेल, सगळं पुन्हा टाइप करायला सांगेल. करीन. हा कागद मात्र मी फेकणार नाही.

आता आम्ही निघतोय. सोमवार उजाडायची वाट मला बघवत नाही. आधी मंदा, मग अर्ज. हे तुझ्या पद्धतीच्या उलट आहे आणि कदाचित चूकही असेल, त्याने केस कच्ची होईल, काका पुन्हा काहीतरी कायद्याचं बोलेल. तू असतीस तर दारात आडवी उभी राहून मला दहा कारणं सांगितली असतीस, आणि त्यातली आठ बरोबर निघाली असती. वर जाऊन बेल वाजवायची, मंदाला म्हणायचं चप्पल घाल, एवढंच मी आणि अण्णाने ठरवलंय. दार कोण उघडेल ते मला ठाऊक नाही. उघडेल की नाही तेही नाही.

कायद्याने माणूस सुधारत नाही, हे मी अजूनही म्हणते. पण मी तुझ्या कायद्याला खोटं सांगितलं, आणि मग तो चालत नाही म्हणून वर्षानुवर्षं तुलाच चिडवत बसले. हे तुझ्या डोळ्यांत बघून सांगायचं राहिलं, नलू. त्या यादीत शेवटची ओळ कोणी घातली, हे मंदालाही अजून माहीत नाही. तिला तरी तिच्या जिवंतपणी सांगायचंय. अण्णाने खाली रिक्षा थांबवलीय.